चोवीसपैकी एकोणीस बाटल्या शिल्लक असताना केलेली व्यवस्था

मी, रेवणसिद्ध महादेवप्पा हलगरे, वय एकवीस, धंदा सध्या काही नाही, राहणार अहमदपूर, जिल्हा उस्मानाबाद (हे खोडून लातूर वाचावे, नवा जिल्हा होऊन नऊ महिने झाले तरी हाताला सवय जुनीच आहे), आज रविवारी दुपारी बाराला, आमच्या घरासमोर लिंबाखाली बाजेवर बसून, डोकं ठिकाणावर असताना, कुणी धाक न घालता आणि काहीही न पिता, पुढीलप्रमाणे लिहून ठेवतो.

"काहीही न पिता" हे शब्द संगप्पा अर्जनवीस यांनी घालायला लावले. ते आमचे शेजारी. तहसीलसमोर बसून लोकांचे अर्ज लिहितात. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षापर्यंत शिकलेला असल्यामुळे मजकूर माझा आहे आणि कायदा त्यांचा.

कारण असे की, आमच्या आतल्या खोलीत मी स्वतः केलेल्या, आल्याच्या फसफसत्या सरबताच्या चोवीस बाटल्या होत्या. आज सकाळपासून पाच फुटल्या. एकोणीस आत जिवंत आहेत. दाराला बाहेरून कडी आहे. दुपारी चार वाजता ती कडी काढून मी आत जाणार आहे, आणि बाहेर कसा येईन हे आज कुणीच सांगू शकत नाही.

कलम १. सर्वात आधी गावाने हे लक्षात घ्यावे की ती दारू नाही. आलं, गूळ, लिंबू, उकळून गार केलेलं पाणी आणि बेकरीतून आणलेला चिमूटभर खमीर, एवढंच त्यात आहे. खमीर गूळ खातो आणि वायू सोडतो. बूच बंद असलं की वायू पाण्यातच मुरतो. बूच काढलं की फसफसतो. आमचे वडील, म्हणजे अप्पा, पहिल्याच दिवशी गळ्यातलं लिंग हातात धरून म्हणाले होते, "आपल्या घरात आंबवलेलं चालत न्हाई." मी म्हणालो, "मग आंबील काय असतंय?" त्यावर त्यांनी तीन दिवस आंबील तोंडाला लावली नाही. मी मेलो तर लोक "हलगऱ्याचं पोरगं दारू गाळताना गेलं" म्हणतील. म्हणणाऱ्याला हे कलम मोठ्याने वाचून दाखवावे.

कलम २. हे मी कशासाठी केलं ते सगळ्या अहमदपूरला माहीत आहे, पण कागदावर असलेलं बरं. एस.टी. स्टँडजवळ गुरुबसप्पा खानापुरे यांचा गोळीसोड्याचा कारखाना आहे. तिथे खिडकीत त्यांची मुलगी महानंदा बसते. बाकीचे लोक बाटलीतली गोळी लाकडी खुंटीने दाबतात. महानंदा अंगठ्याने दाबते. मी आजवर तसा अंगठा पाहिलेला नाही. नांदेडहून कॉलेज सोडून आल्यावर दोन महिने मी रोज तीन सोडे प्यायलो. एकदा ती म्हणाली, "सोड्यापायी येतोस का आणखी कशापायी?" मला उत्तर द्यायचं होतं, पण तेवढ्यात ढेकर आला.

(कॉलेज का सोडलं तेही इथेच लिहितो. प्रयोगशाळेत माझ्या हातून एक चंबू फुटला. सर म्हणाले, "तुझ्या हाताला काच टिकायची नाही." मला राग आला, म्हणून मी दुसरा फोडला. आज मला वाटतं, सर चुकीचं बोलले नव्हते.)

फाल्गुनात मी सरळ गुरुबसप्पांपुढे जाऊन उभा राहिलो. दुकानात दहा माणसं होती.

"तुमची पोरगी मला द्या."

गुरुबसप्पांचा डावा कान अकरा वर्षांपूर्वी सोड्याची बाटली फुटून बहिरा झालेला आहे. त्यांनी उजवा पुढे केला. "काय म्हणलास?"

मी पुन्हा, जास्त मोठ्याने म्हणालो. आता स्टँडवरच्या कंडक्टरनेही ऐकलं.

"तुला काय येतंय बाबा? कॉलेज पुरं न्हाई, धंदा न्हाई. देगलूरहून खताच्या दुकानवाल्याचं स्थळ आलंय तिला. बसवजयंतीला बघाया येणारेत."

"तुम्ही मशीन फिरवून सोडा करता. मी बिनमशीनीचा करून दाखवतो. घरात."

सगळे हसले. गुरुबसप्पा हसले नाहीत. ते धंद्यातले आहेत. म्हणाले, "चोवीस बाटल्या. मशीन न्हाई, गॅसचं नळकांडं न्हाई. तुझ्या दारात येऊन मी सोता उघडणार. फसफसल्या तर बोलू. न्हाई फसफसल्या तर ह्या गल्लीला दिसायचं न्हाई."

बाटल्या मला गेल्या रविवारी मिळाल्या. दिवस आजचा ठरला, वेळ चार. आणि बसवजयंती बरोबर आठ दिवसांवर आहे. म्हणून आता कुणी मला "बुचं ढिली करून वायू सोडून दे" म्हणू नये. सकाळपासून सगळं गाव तेच सांगून राहिलंय. वायू सोडला की चार वाजता बाटलीत गूळपाणी उरतं. गूळपाण्यावर मला महानंदा मिळत नाही.

कलम ३. दोष कुणाचा. हे कलम मी रागाने लिहिलेलं नाही. संगप्पांनी दोनदा फाडायला लावून हे तिसऱ्यांदा लिहिलं आहे.

बाटली भरताना मी प्रत्येकीत चहाचा अर्धा चमचा गूळ टाकला होता, सपाट. तेवढाच वायू होणार होता जेवढा काच सोसते. पण आमच्या घरात रीत अशी की पाहुण्याच्या तोंडी जे जायचं, त्यात घरातल्या प्रत्येक बाईच्या हातचा गूळ पडला पाहिजे. आणि यंदाच्या दुष्काळात पाहुण्याला पाण्याचा तांब्या अर्धाच मिळतो, म्हणून लाजेखातर गूळ दुप्पट झालेला आहे. सकाळी आठला पहिली बाटली फुटली तेव्हा आम्ही सगळे बाहेर पळालो आणि इथे लिंबाखाली पुढील बोलणं झालं.

"अव्वा, तू बाटल्या उघडल्या होत्यास?"

माझी आई गुरम्मा म्हणाली, "मग! सोयरा यायलाय म्हणलास. आळणी पाजायचं का त्याला?"

"गूळ होता की त्यात!"

"चाखून बघितलं म्या. तेवढ्या गुळाला मुंगी तरी आली असती का? एकेक चमचा टाकला."

भिंतीकडून नीलाबाई काकू म्हणाल्या, "म्या बी टाकला. पण थोडाच."

"थोडा म्हणजे किती, काकू?"

"खडा खडा. बाटलीच्या तोंडातून जाईल एवढा. काही जाईनात, ते काडीनं ढकलले."

मी अप्पांकडे पाहिलं. ते लगेच म्हणाले, "म्या गूळ न्हाई टाकला हां."

"मग?"

"फकस्त बुचांवरच्या सुतळ्या पक्क्या केल्या. तुझ्या गाठी बघून मला लाज वाटली."

अप्पा तीस वर्षं मोंढ्यात तुरीची पोती शिवतात. त्यांची गाठ क्विंटलभर माल आपटला तरी सुटत नाही. साधी गाठ असती तर बूच उडालं असतं, पत्र्याला लागलं असतं, विषय संपला असता. आता बूच हलत नाही, म्हणून काच फुटते. मायेने गूळ आणि अभिमानाने गाठ. मी कुणावर खटला करू नये असं संगप्पांचं मत पडलं. मी कुणावर करत नाही.

कलम ४. घर अप्पांचं आहे, त्यामुळे ते मला कुणाला देता येत नाही. पण दुसऱ्या बाटलीने छताच्या पत्र्याला जो पोक आला आहे, तो माझा आहे. तो मी अप्पांना देतो. त्यांनी तो ठोकून सरळ करू नये. खोलीत ज्वारीची दोन पोती, अव्वाचं लुगडं आणि सगळी भांडी अडकून पडली आहेत, म्हणून आज सकाळी आमच्याकडे चूल पेटली नाही. याबद्दल काकूंनी मला जे शब्द ऐकवले ते मी त्यांना परत देतो.

कलम ५. माझी शिल्लक. माझ्या नावावर बँकेत काही नाही. मात्र गोठ्यामागे कडब्याखाली झाकलेलं एक पिंप पाणी आहे. टँकर चार दिवस आलेला नाही (जिल्हा नवा आला, टँकर तोच राहिला), आणि घरात कुणालाच ते पिंप माहीत नाही. आज साडेतीनला अंघोळ करून, स्वच्छ होऊन गुरुबसप्पांपुढे उभं राहायचं म्हणून मी ते कळशी कळशी करून साठवलं. हे पाणी मी अव्वाला देतो. त्यातून मला शेवटची अंघोळ घालावी आणि उरलेलं म्हशीला द्यावं.

हे कलम लिहीत असताना सहावी बाटली फुटली. शीर्षकात एकोणीस आहे तिथे अठरा वाचावे. शीर्षक बदलत नाही, कारण चारपर्यंत किती वेळा बदलावं लागेल सांगता येत नाही.

कलम ६. हत्यारं. एक तापमापक, कॉलेजचा. तो मी चोरला होता. कॉलेजला परत द्यावा. त्यातला पारा आज अकरा वाजता खिडकीच्या फटीतून त्रेचाळीस दाखवत होता. मी पहिले चार दिवस बाटल्यांवर ओली पोती टाकून त्या गार ठेवल्या होत्या. बुधवारनंतर पोतं ओलं करायला पाणी उरलं नाही. पिंपातलं काढायचं मन झालं नाही. अंघोळ का पोतं, यात मी अंघोळ निवडली, हे खरं आहे आणि ते लिहून ठेवतो. एक तराजू, चार चमचे आणि रबरी नळी काकूंना. चमचे सपाट भरायचे असतात, शिगोशीग नाही.

कलम ७. महानंदा गुरुबसप्पा खानापुरे हिला पुढील वस्तू, पूर्णपणे आणि कायमच्या: माझी सरबताची वही, ज्यात सहा वेळा फसलेली आणि एकदा जमलेली कृती आहे. तिला लिहिलेली आणि न दिलेली अकरा पत्रं. सातवं वाचू नये, त्यात कविता आहे. तिच्या दुकानातल्या सोड्याची एक गोळी, जी फुटक्या बाटलीतून मी उचलली आणि गेले दोन महिने खिशात आहे. आणि चार वाजता माझ्या हातून जेवढ्या बाटल्या सुखरूप बाहेर येतील तेवढ्या सगळ्या. तिने देगलूरला जायचं ठरवलं तरी हे कलम बदलणार नाही. मात्र त्या खतवाल्याला यातला एक घोटही देऊ नये.

कलम ८. रामकिशन भंगारवाला यास काहीही देऊ नये. सरबताच्या पातळ काचेच्या जुन्या बाटल्या त्याने मला "बंदुकीची गोळी मारली तरी फुटायच्या न्हाईत" असं सांगून दिल्या. आज सकाळी तो तमाशा बघायला आला तेव्हा मी त्याला आठवण करून दिली. तो म्हणाला, "बंदुकीचं म्हणलं होतं बाबा. गुळाचं कुठं म्हणलं?" माझ्या मौतीला त्याला पुढे उभं राहू देऊ नये.

कलम ९. केरबा हा माझा मित्र. त्याला माझी सायकल. तिला साखळी नाही. आत जाताना मी जे अंगावर घालणार आहे, म्हणजे केरबाचे क्रिकेटचे पॅड, अव्वाची वाकळ आणि डोक्यावर तांब्याचं घंगाळ, ते ज्याचं त्याला परत जावं.

केरबा साक्षीदार म्हणून सही करायला पुढे झाला होता. संगप्पांनी त्याच्या हातातून पेन काढून घेतलं.

"तुला सायकल मिळायलीय न?"

"हाव."

"मग तुला साक्ष चालत न्हाई. कागदात ज्याला काही मिळतंय त्यानं सही केली, तर सही ऱ्हाते अन् मिळणं जातंय. कायदाच तसा हाय. सायकल पाह्यजे का सही?"

केरबाने थोडा विचार केला. "साखळी नवी टाकता येती," तो म्हणाला, आणि बाजूला झाला. मी त्याच्यावर रागावलेलो नाही. दहा वर्षांची दोस्ती आहे. पण लिहून ठेवतो.

कलम १०. लिहिण्यात इथे तासभर खंड पडला. का पडला ते क्रमाने देतो.

सव्वाला सातवी बाटली फुटली. ही मोठी होती. लिंबावरचे सगळे कावळे उठले. दहाएक मिनिटांनी गल्लीच्या तोंडाकडून महानंदा एकटी चालत आली. तिच्या एका हातात सोड्याच्या कारखान्यात बाटल्या भरताना तोंडापुढे धरतात ती तारेची जाळी होती आणि दुसऱ्या हातात चामड्याचे हातमोजे. मी बाजेवरून उठलो. पायाला पॅड बांधलेले होते, त्यामुळे लगेच पुन्हा बसलो.

ती म्हणाली, "आत कुणी गेलंय का?"

"चारला मी जाणार."

"कशापायी?"

हा प्रश्न तिने दुसऱ्यांदा विचारला होता. या वेळी ढेकर नव्हता. मी म्हणालो, "तुझ्यापायी."

अव्वाने पदर तोंडाला लावला. काकू पुढे सरकल्या, ऐकू यावं म्हणून.

महानंदा म्हणाली, "आमच्या अप्पाचा डावा कान ठावं हाय न तुला? अकरा वर्षं झाली. तवा कारखान्यात ह्या जाळ्या नव्हत्या. काच चार बोटं इकडं लागली असती तर डोळा गेला असता. आमच्या जाडजूड बाटलीची ही गत. तू सरबताच्या बाटलीत गॅस कोंडलायस. आत गेलास की तुझा नुसता धक्का लागायचा अवकाश, एक फुटली की तिच्या काचा दुसरीला, दुसरीच्या तिसरीला."

"पण वायू सोडला तर फसफसणार न्हाई. तुझ्या अप्पांनी अट घातलीय."

"अप्पा जेवाया बसले होते," ती म्हणाली. "आत्ता फुटली न मोठी? घास खाली ठेवला अन् डाव्या कानाला हात लावला. म्हणाले, ह्या कानानं ऐकलं मी. अकरा वर्षांनी. मशीन न्हाई, नळकांडं न्हाई अन् एवढा दाब? त्याच्या दारात जा म्हणाले, ही जाळी दे, अन् सांग, बुचं ढिली केल्याबिगर मी तिथं पाय ठेवत न्हाई. गॅस हाय हे सगळ्या गावानं ऐकलंय, आता बघायचं काय ऱ्हायलंय?"

हट्टाने मी एवढंच म्हणालो, "फसफसल्या तर बोलू म्हणले होते."

"बोलतील की. चारला यायलेत बोलायला. पण तू बोलण्याजोगा ऱ्हायला पाह्यजेस." मग ती इकडे तिकडे बघून म्हणाली, "आधी गार करावं लागंल. पाणी कुठाय?"

अव्वा म्हणाली, "पाणी कुठलं ग माय. चार दिस झाले, टँकर न्हाई."

मी कलम ५ कडे पाहिलं. संगप्पांनीही पाहिलं, कारण त्यांनी ते वाचलेलं होतं. ते खाकरले. शेवटी मीच म्हणालो, "गोठ्यामागं. कडब्याखाली एक पिंप हाय."

अव्वा माझ्याकडे जशी बघत राहिली तसं तिने बाटली फुटल्यावरही बघितलं नव्हतं. "अन् म्या चार दिस भांडी राखेनं घासून ऱ्हायले," ती म्हणाली. यापुढचं लिहीत नाही. ते खासगी आहे.

पोती भिजवली. केरबाने आणि मी ती खिडकीतून लांब काठीने एकेक करून बाटल्यांवर पसरली. उरलेलं पाणी खिडकीतूनच वर शिंपडलं. पिंप रिकामं झालं. अर्ध्या तासात पारा एकतीसवर आला. आता आतून आवाज येत नाही. सतरा शिल्लक आहेत. मला मात्र अंघोळ नाही, आणि माझ्या अंगाला पोत्याचा वास येतो आहे. महानंदा चार हातांवर, लिंबाच्या पलीकडच्या सावलीत उभी आहे. तिने नाक झाकलेलं नाही, याची नोंद घेतो.

कलम ११. म्हणून आता चार वाजेपर्यंत न थांबता मी आत्ताच आत जातो. तोंडापुढे तारेची जाळी, हातात चामड्याचे मोजे, अंगावर वाकळ. प्रत्येक बाटलीला ओल्या पोत्यात गुंडाळून, तोंड भिंतीकडे करून, अप्पांची गाठ कापून, बूच अंगठ्याखाली धरून हळूहळू वायू सोडीन. एकेक करून. घाई करणार नाही. महानंदाने मला हे तीनदा म्हणायला लावलं. अप्पा दारात उभे राहून सांगणार आहेत, कोणती गाठ कुठून कापायची. एवढं तरी त्यांच्या हातून घडावं अशी त्यांची इच्छा आहे. वायू गेला तरी हरकत नाही. हे वाक्य लिहिताना माझा हात थांबला होता, पण लिहिलं.

कलम १२. या मृत्युपत्राची अंमलबजावणी केरबाने करावी. मी धड बाहेर आलो तर हा कागद अव्वाने चुलीत घालावा, म्हणजे तिची चूल एकदाची पेटेल.

सही: रे. म. हलगरे
(मोजे घातलेले असल्यामुळे सही नेहमीसारखी आली नाही. ती माझीच आहे.)

साक्षीदार १: संगप्पा, अर्जनवीस, राहणार अहमदपूर. मी ही सही माझ्यासमोर होताना पाहिली. लांबून पाहिली, पण पाहिली. लिहून देणारा पूर्ण शुद्धीवर आहे. प्रेमात असणे ही कायद्याने बेशुद्धी धरली जात नाही.

साक्षीदार २: दुसरा साक्षीदार मिळेना. गल्लीतले सगळे पुढच्या वळणावर जाऊन उभे राहिले होते. तेव्हा महानंदाने पेन मागितलं. संगप्पा म्हणाले, "पोरी, कलम सातात तुझं नाव हाय. तू सही केलीस तर वही, पत्रं, गोळी, बाटल्या, सगळं जाईल तुझं. केरबाला सांगितलं तवा तू नव्हतीस म्हणून सांगून ऱ्हायलो."

"सातवं कलम वाचलं मी," ती म्हणाली, आणि पेन घेऊन पुढील मजकूर स्वतःच्या हाताने लिहिला:

मी, महानंदा गुरुबसप्पा खानापुरे, वय एकोणीस, ही सही माझ्यासमोर झाली. मला यातलं काही नको. जे द्यायचं ते आतून बाहेर आल्यावर हातात द्यावं. सातवं पत्र पण.

स्थळ: अहमदपूर, जि. उस्मानाबाद लातूर
दिनांक: ८ मे १९८३, वेळ दुपारी पावणेतीन